थोरलीचा वाक

१

त्या दिवशी सकाळपासून वारा असा गरम होता की तोंड उघडलं तर जीभ वाळावी. वैशाख सरत आला होता. आभाळ निळं राहिलं नव्हतं, राखेसारखं झालं होतं, आणि पूर्णेच्या पात्रात पाणी म्हणजे मधल्या डोहात उरलं होतं तेवढंच. बाकी सारी वाळू. अशा दिवशी आमच्या गावात नाव आली. पाण्यातून नाही, दोन बैलगाड्या एकीला एक जोडून, त्यांवर आडवी घालून, थेट अमरावतीहून.

नाव कोण्या साहेबाची होती. अमरावतीच्या तलावात तो ती शीड लावून फिरवायचा. साहेब विलायतेला गेला, सामानाचा लिलाव झाला. कपाटं, खुर्च्या वकील लोकांनी नेल्या. नाव कोणी घेईना, म्हणून आमच्या खुशालराव पाटलांनी घेतली, शिडासकट.

माझ्या घराजवळ, नदीच्या काठावरच्या कडुलिंबाखाली ती लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवली, तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. शेजारचे महादेवराव म्हणाले, "पाटील, हिले नांगराले जुंपता का डवऱ्याले?"

"हसा," खुशालराव म्हणाले. "पूर आला म्हंजे तुमीच हात जोडान, पल्याड नेऊन द्या म्हनून. नत्थुजी, नदी भरायच्या आत हे मले पक्की पायजे. आतून कुठं सडली असंन तं शोध."

मी हो म्हणालो. मी सुतार. खाट, दार, बैलगाडी, जे येईल ते करत आलो. नाव कधी केली नव्हती, पण लाकूड ते लाकूडच.

तेवढ्यात माझी बायको मैना डोक्यावर पाण्याची घागर घेऊन तिथून चालली होती. ती थांबली. घागर खाली ठेवली, आणि लोकांतून वाट काढत येऊन तिनं नावेच्या नाकाजवळच्या फळीवर हात ठेवला.

"हे तं त्याच्या हातची नाव आहे," ती म्हणाली.

आमच्या घरात 'तो' म्हणजे एकच माणूस. किसन मिस्त्री. मैनेचा पहिला नवरा. मानमोडीच्या साथीत वारला, त्यानंतर ती मला पाटानं मिळाली. त्या गोष्टीला खूप वर्षं झाली. पण ती माझ्या घरात आली म्हणजे माझी झाली का, हे मला कधी नीट कळलं नाही. मला भीती म्हणाल तर आयुष्यात तेवढी एकच होती.

२

लाकूड तपासायचं ते आधी कानानं. हातोडीच्या दांड्यानं एकेक फळी ठोकत जायचं. चांगलं सागवान टणटण बोलतं. पाणी प्यालेलं लाकूड भद्द बोलतं, ओल्या पोत्यावर मारल्यासारखं. मग तिथं टोचणी घालून पाहायची.

रंग वरून झकास होता. खाली मागच्या बाकाशी मात्र टोचणी अशी आत गेली, जशी उकडलेल्या कांद्यात जावी. पाणी खालून शिरलेलं नव्हतं. वर कुठंतरी बारीक भेग, तिच्यातून पावसाचं पाणी रंगाच्या आत उतरलं, बसून राहिलं, आणि आतल्या आत फळी खात गेलं. वरचा रंग तसाच हसत होता. त्या दोन फळ्या गेल्या होत्या, एक बरगडी गेली होती. पुढं नाकाखाली एक अंधारी पोकळी होती, दोर-बीर ठेवायची, वरून फळी ठोकून बंद. तिला समोर हात जाईल एवढंच तोंड.

मैना जवळ बसली होती. माझ्या कामाजवळ ती कधी येऊन बसत नसे.

"हे फळी त्यानं बसवली," ती म्हणाली. "हे बी. अन् ते मागची दुसऱ्या कोनाची आहे, साहेबानं मंग बसवून घेतली असंन."

"तुले काय ठाऊक?"

"भाकर घेऊन जायची ना मी तलावावर. तो काम करे, मी बसून राहे."

मी पुन्हा पाहिलं. सडलेलं सगळं दुसऱ्याच्या हातचं होतं. जिथं किसनचा हात लागला होता, तिथं लाकूड टणटणीत. सांधा असा की नख शिरू नये. मी त्याच्या फळ्या परत परत ठोकल्या. एखादी तरी भद्द बोलेल म्हणून. एकही बोलली नाही.

गावात माझ्या हातची दारं कुठं कुठं आहेत, हे मैनेला विचारलं असतं तर तिला दोन घरं सांगता आली नसती.

३

आता घरामागच्या रुईचं सांगायला हवं.

आमच्यात रीत अशी, की बिनलग्नाच्या माणसानं विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावतात. ती त्याची पहिली बायको. मग विधवा ही दुसरी. माझं लग्न घरामागच्या रुईशी लावलं होतं. तिला पिवळं फडकं नेसवलं, काळी पोत बांधली, हळद लावली. लोक पुढं त्या झाडाकडं ढुंकून पाहत नाहीत. रुईला पाणी कोण घालतं? पण मैना घाली. रोज सकाळी आपली आंघोळ झाली की एक तांब्या तिला. तिला ती थोरली म्हणे. "थोरलीले यंदा लय फुलं आले," असं. महादेवराव कुंपणावरून विचारत, "नत्थुभाऊ, दोघी सवती भांडत-गिंडत नाई ना?" आम्ही हसत असू. शनिवारी लोक मारुतीसाठी रुईची पानं तोडतात, पण आमच्या थोरलीचं पान कोणाला तोडू देत नसे मैना. इतक्या वर्षांच्या पाण्यानं ती माझ्या डोक्याच्या वर गेली होती. बुंधा दंडासारखा.

नावेच्या फळ्या मी नव्या बसवल्या. सांध्यात कापूस भरला, वरून राळ आणि तेल. मग पाटलांच्या गड्यांनी डोहातून पाणी आणून नावेत भरलं. नाव पाण्यात टाकायच्या आधी तिच्यात पाणी टाकून पाहायचं, म्हणजे ते जिथून बाहेर येईल तिथून उद्या आत येणार. ते सगळीकडून बाहेर आलं. माझ्या प्रत्येक सांध्यातून. फक्त किसनच्या फळ्या कोरड्या.

मैना म्हणाली, "तो कापूस नाई भरे. रुईचा वाक भरे, सालीतले धागे. तलावाच्या काठची रुई मी तोडून देई त्याले."

तिनं साधं सांगितलं. टोमणा नव्हता त्यात, हे आज कळतं. तेव्हा मला तो टोमणाच वाटला. दुसऱ्या दिवशी ती गोवऱ्या थापायला गेली होती, आणि मी विळा घेऊन घरामागं गेलो.

रुई गावात थोडी नव्हती. बांधाबांधावर होती. पण ती छोटी, किडकी, वाक निघायचा तो वीतभर. आणि ती कोणाचीही होती. ही माझी होती. किसनची नाव धरून ठेवायला माझ्या घरची रुई लागली, असं व्हावं, असं मला वाटलं. मी बुडापासून तोडली. दूध इतकं आलं की विळ्याची मूठ हातातून सुटेना.

मैना परत आली, घरामागं जाऊन उभी राहिली.

"बांधावरची नाई भेटली?" एवढंच ती म्हणाली.

महादेवरावांनी कुंपणावरून पाहिलं. ते या वेळी हसले नाहीत. "बायको गेली तं दहावं कराव लागते, नत्थुभाऊ," ते म्हणाले. "झाड असो नाई तं मानूस. मोठ्या मानसांनी लावून देल्लं लगन आहे ते."

मी म्हटलं, "झाडाचं काय दहावं करू? कावळ्याले काय सांगू, कोन मेलं म्हनून?"

ते आत निघून गेले.

४

फांद्या उन्हात टाकल्या, कडक वाळल्या. साल सोलून वाक काढला. रेशमासारखा, पांढरा, लांब. तो पिळून मी सांध्यासांध्यात ठोकून बसवला, किसनचा जुना वाक उकरून त्याच्याही सांध्यांत, थेट नाकापर्यंत, अंजनगावच्या बाजारातून आणलेली राळ वरून लावली. पाणी भरलं. थेंब बाहेर आला नाही. खुशालराव खुश झाले. मीही झालो असतो.

पाणी काढून नाव वाळू दिली. ज्येष्ठाचं ऊन, वर ढग नाही. तीन प्रहरांत हाडं वाळावीत. सकाळी हात फिरवला तर नाकाखालच्या पोकळीच्या तोंडाशी तळहाताएवढी ओल. ओल म्हणजे पाणी नव्हतं. चिकट होती. बोट उचललं तर पांढरा धागा आला.

रुईचं दूध. पण वाक तर वाळलेला होता. चुलीत टाकला असता तर भुर्र जळाला असता. वाळल्या वाकातून दूध येत नाही. मी मनाशी म्हटलं, राळेत काही मिसळ असेल. बाजारचे लोक काय काय मिसळतात. पुसून टाकलं. दुसऱ्या सकाळी ओल दोन तळहातांएवढी होती.

आणि मैना नावेत बसू लागली. दुपारी, सारं गाव दारं लावून पडलेलं असताना. मला जेवायला वाढायची, भांडी घासायची, आणि पदर डोक्यावर घेऊन निंबाखाली जायची. नावेत चढून पुढच्या बाकावर, पोकळीकडं तोंड करून बसायची. मी घरात पडून बाहेर पाहत असे. तिचे ओठ हलत.

एक दिवस मी निंबाच्या बुंध्यामागं जाऊन उभा राहिलो. या वयात बायकोमागं लपून उभं राहायचं, मला माझीच लाज वाटली, पण गेलो. ती हळू बोलत होती, शब्द लागत नव्हते. बोलायची, मग थांबायची. नुसती थांबायची नाही, ऐकल्यासारखी थांबायची. मग हुं म्हणायची. एकदा हसली. तसं हसणं माझ्या घरात मी ऐकलं नव्हतं.

दुसरा आवाज मला आला नाही. पण त्या थांबण्यात एक माणूस मावेल एवढी जागा होती.

संध्याकाळी मी विचारलं, "कोनाशी बोलून राहिली होती?"

"तुमी कधी बोलता का माह्याशी?" ती म्हणाली, आणि भाकर तव्यावर उलटली. तिच्या बोटांना बोटं चिकटत होती. पिठानं असेल, असं मला वाटलं.

मला वाटलं, किसन. आणखी कोण वाटणार? तो इतकी वर्षं मरून गेला, पण हाताचं काम ठेवून गेला, आणि आता त्यातून माझ्या बायकोला हाका मारतो आहे. जिवंत माणूस असता तर मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो असतो. गेलेल्याच्या समोर कुठून उभं राहायचं?

५

मग एका सकाळी उलगडा झाला, असं मला वाटलं. लवकर उठून बाहेर आलो तर मैना ओल्या केसांनी नावेशी उभी. हातात तांब्या. सांध्यासांध्यावरून धार धरून पाणी घालत होती, जशी रुईला घाली.

"काय करून राहिली वं?"

"तिले पानी नको?" ती म्हणाली. "घरामागं नाई ते आता. इथं आहे."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. ओल म्हणजे हे होतं तर. म्हातारपणी बायकोचं मन थोडं हललं, त्यात काय. किसन नव्हता, कोणी नव्हतं. मी तिचा हात धरून तिला घरी आणलं. तांब्या वर फळीवर ठेवला. नावेला पाणी घालणार नाही असं वचन घेतलं. ती हो म्हणाली, आणि तिनं वचन पाळलं. पुढं रोज सकाळी मी तिच्या आधी उठून दारात बसत असे.

ओल वाढतच गेली.

पोकळीपासून ती बरगडी बरगडीनं मागं येत चालली. माझ्या नव्या फळ्यांपर्यंत आली. मी हातोडीचा दांडा घेऊन पुन्हा सारी नाव ठोकायला घेतली. मागून पुढं. टणटण, टणटण. किसनच्या फळ्या टणटण. नाकाजवळ आलो. भद्द. पुन्हा ठोकलं. भद्द. मी हात खाली घेतला, टोचणी शोधू लागलो.

आतून आवाज आला. भद्द.

लाकूड तापलं की बोलतं. रात्री घराचे वासे बोलतात, दिवसा दार बोलतं. मी ऐकत आलो आहे. म्हणून मी दोनदा ठोकलं. थोडं थांबून आतून दोनदा आलं. जोरात नाही. कोणी पोटात पाय हलवावा तसं.

६

मैनेचा आरसा होता, तळव्यात मावेल एवढा. अंधाऱ्या जागी पाहायचं तर मी उन्हाचा कवडसा आरशानं आत टाकत असे. भर दुपारी मी नावेत चढलो. मैना तेव्हा घरात होती, भांड्यांचा आवाज मला येत होता. मुद्दाम सांगतो, आवाज येत होता.

पोकळीच्या तोंडाशी पालथा पडलो आणि कवडसा आत सोडला.

आधी बरगड्या दिसल्या, ओल्या, चकाकत. मग वाक. मी ठोकून बसवलेला वाक सांध्यांतून सुटून आत लोंबत होता, केसांसारखा, विंचरून सारखा केल्यासारखा. त्याच्या खाली पिवळं फडकं होतं. भिजून काळं पडलेलं, पण हळदीचा रंग कळत होता. असं फडकं मी आयुष्यात एकदाच पाहिलं आहे, आणि त्याचं एक टोक तेव्हा माझ्या उपरण्याला बांधलेलं होतं.

मी आरसा थोडा वळवला. कवडसा बाजूला सरकला, तिथं एक हात होता. मैनेचा, असं मला वाटलं, कारण बाईचा हात आणखी कोणाचा ओळखीचा आहे मला? पण त्यावर पांढुरका भुरा होता, रुईच्या पानावर असतो तसा. बोटानं पुसला तर निघून जाईल असा. तो हात सांध्यातून वाक काढत होता, सावकाश, एकेक धागा. कवडसा पडला तसा थांबला.

"अवो," घरातून मैनेची हाक आली, "जेवाले या."

आतली बोटं वळली. हाक ऐकून वळावीत तशी.

मी कसा उतरलो मला ठाऊक नाही. जेवायला बसलो. मैना वाढत होती. मी तिच्याकडं पाहत होतो आणि पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं, की इतके दिवस मी चुकीच्या माणसावर जळत होतो.

७

मी पाटलांकडं गेलो. म्हटलं, सांधे उकलतो, सारा वाक काढतो, नदीत सोडून त्याचं दहावं करतो, मग नव्यानं भरतो. खुशालरावांनी माझ्याकडं पाहिलं. "नत्थुजी, उन्ह लागलं तुले. थेंब गळत नाई, अन् उकलतो म्हनतं? वरतं डोंगरात पानी पडून राह्यलं. उद्या-परवा नदी येईन. हात लावू नोको तिले."

आमच्या गावात थेंब पडला नव्हता. पण वारा फिरला होता, आणि त्याला मेळघाटाकडच्या ओल्या मातीचा वास होता. पाटलांच्या गड्यांनी नाव ढकलत वाळूपर्यंत नेली, काठी उभी करून शीड गुंडाळून ठेवलं, दोर निंबाला बांधला.

संध्याकाळी मी मैनेला म्हटलं, "तू नावेकडं जाऊ नको. माह्या गळ्याची आन आहे."

ती दिवा लावत होती. "भेव वाटते का तिचं?"

"तुले नाई वाटत?"

"मले काहून वाटंन? इतके वर्षं मीच पाहिलं तिले." तिनं वातीची काजळी झटकली. "तुमी तिच्यासंगं एक दिस संसार केला नाई. गळ्यात पोत बांधून उन्हात उभी करून देल्ली, अन् मले घरात आनलं. मंग कापून त्याच्या नावेत भरली. त्याचीबी नाई ते, तुमचीबी नाई. तिचं कोन आहे?"

"मी दहावं करतो."

"जित्या बाईचं?" मैना म्हणाली.

मी दाराला आतून अडसर घातला. दारापाशीच घोंगडी टाकून पडलो, म्हणजे तिला बाहेर जायचं तर मला ओलांडून जावं लागेल. मी जागाच होतो असं मला वाटतं. पहाटे कधीतरी नदीचा आवाज आला, लांबून गाड्यांची रांग यावी तसा, आणि मी डोळे उघडले.

अडसर जागच्या जागी होता. माझ्या छातीवर, सदऱ्यावर, ओल होती. बोट लावलं तर पांढरा धागा आला. मैनेच्या वाकळीवर मैना नव्हती. वरच्या फळीवरचा तांब्या नव्हता.

नदी आली होती. काठोकाठ, लाल, तिच्यात झाडं वाहत होती. निंबाला बांधलेला दोर पाण्यात सैल लोंबत होता. ओढून पाहिला. तुटलेला नव्हता, कापलेला नव्हता. गाठ सोडलेली होती, नीट, बाईमाणूस सोडतं तशी.

महादेवराव काठावर उभे होते. पहाटेच परसाकडं आले होते म्हणे. त्यांच्या हातातलं टमरेल अजून भरलेलं होतं. माझ्याकडं न पाहता ते पाण्याकडंच पाहत राहिले. मी जवळ गेलो.

"शीड लावेल होतं, नत्थुभाऊ," ते हळू म्हणाले. "वारा तं नावाले नाई. धारेच्या उलट चालली होती, डोंगराकडं. मले वाटलं, एकटीच आहे बिचारी, बुडंन. म्हनून मी 'वहिनी' म्हनून हाक मारली, तं दोघींनी वळून पाह्यलं."